ख्रिसमस नंबर वनवर पैसे लावणाऱ्या यूकेतल्या मराठी पोरांना खुलं पत्र

प्रिय पोरांनो आणि पोरींनो,

मी रेडिंगला राहते, इथे येऊन बरीच वर्षं झाली. हे पत्र तुम्हा सगळ्यांना आहे, म्हणजे पुणे, नाशिक, सांगली, नागपूर कुठून कुठून मास्टर्स करायला इकडे आलात आणि नोव्हेंबर संपत आला की ज्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "यंदा ख्रिसमस नंबर वन कोण, भाव काय चाललाय" असं सुरू होतं त्या तुम्हाला. (ख्रिसमस नंबर वन म्हणजे ख्रिसमसच्या आठवड्यात यूकेच्या गाण्यांच्या चार्टवर पहिलं येणारं गाणं.) आमच्या मंडळाच्या ग्रुपवर पण हे स्क्रीनशॉट येतात, दिवाळी फराळाचे फोटो खाली जातात आणि वर बुकीचे भाव दिसतात, तेव्हापासून डोक्यात होतं की एकदा सविस्तर लिहायचं.

चार्टला नावं ठेवायला मी बसलेली नाही. यूकेचा टॉप फॉर्टी, म्हणजे त्या चार्टातली वरची चाळीस गाणी, माझ्या अगदी जिव्हाळ्याचा विषय आहे, शुक्रवारी संध्याकाळी रेडिओ वन लागलाच पाहिजे, कोण वर गेलं कोण खाली आलं ते बोटावर मोजत ऐकते, आणि तुमच्यातले काही जण तितक्याच आवडीने ऐकतात हे बघून मला खूप बरं वाटतं. पण त्या आवडीला धरून जे पैसे लावणं चाललंय ना, ते थांबवा असं सांगायचंय. आणि नुसतं "जुगार वाईट असतो" म्हटलं तर तुम्ही हो हो म्हणणार आणि परत ॲप उघडणार हे मला माहितीये, म्हणून नीट कारण सांगते.

कारण असं आहे की तुम्ही चार्टवर पैसे लावता तेव्हा त्याचं उत्तर कुणाकुणाला आधीच दिसत असतं. अंदाज फक्त तुम्ही करत असता.

बघा, हा चार्ट सुरू झाला 14 नोव्हेंबर 1952 ला, न्यू म्युझिकल एक्सप्रेस नावाच्या पेपरात. पर्सी डिकिन्स या माणसाने वीसेक रेकॉर्डच्या दुकानांना फोन फिरवले, कुठल्या रेकॉर्डी जास्त खपल्या विचारलं, बेरीज केली आणि यादी छापली, पहिला नंबर अल मार्टिनोचा. दुकानदार सांगेल ते खरं असा सगळा मामला. आता ते काम ऑफिशियल चार्ट्स कंपनी करते, सीडी, व्हिनाइल, डाउनलोड, स्ट्रीमिंग सगळीकडून रोजच्या रोज आकडे येतात, आठवडा शुक्रवारी सुरू होतो आणि गुरुवारी रात्री संपतो, आणि निकाल शुक्रवारी संध्याकाळी. म्हणजे शुक्रवारी दिवसभर निकाल तयार असतो, फक्त जाहीर झालेला नसतो. आणि त्याच्या आधीही, सोमवार मंगळवार बुधवार, रेकॉर्ड कंपन्यांना ताजे आकडे बघायला मिळतात, त्याला इकडे मिडवीक म्हणतात. आपल्याला त्यातलं थोडंसं दाखवतात. लेबलचा मार्केटिंगवाला, आर्टिस्टचा मॅनेजर, माल पोचवणारी कंपनी, स्ट्रीमिंग सर्व्हिसमधले लोक, या सगळ्यांसमोर जे उघडं असतं ते तुमच्या फोनवर शेवटी येतं, किंवा येतच नाही.

अमेरिकेत तर अजून मोठी फट आहे. तिथे बिलबोर्डच्या चार्टसाठी मोजणी ल्युमिनेट नावाची कंपनी करते, आठवडा तोच शुक्रवार ते गुरुवार, पण अल्बमचा पहिला नंबर साधारण रविवारी सांगतात आणि गाण्यांच्या यादीचे, म्हणजे हॉट 100 चे, वरचे दहा सोमवारी. गुरुवारी रात्री आकडा बंद झाला आणि सोमवारी तुम्हाला कळला, मधले तीन दिवस बाजार उघडा असेल तर त्या बाजारात समोर कोण बसलंय याचा विचार करा ना जरा.

क्रिकेटचं उदाहरण देते कारण तुम्हाला लगेच कळेल. मॅच सुरू असताना खेळाडूंचे फोन काढून घेतात, ड्रेसिंग रूममध्ये कोण जाणार यावर लक्ष असतं, ॲन्टी करप्शनवाले असतात, हॅन्सी क्रोनिए आणि 2013 च्या आयपीएलनंतर तर सगळंच कडक झालं. आणि तिथे निदान शेवटचा बॉल पडेपर्यंत निकाल खरंच कुणालाच माहिती नसतो. रेकॉर्ड कंपनीच्या ऑफिसात फोन कोण काढून घेणार? ते तर आकडे बघायलाच बसलेले असतात, त्यांचं कामच ते आहे, त्यांचा काही दोष नाही. मी असं अजिबात म्हणत नाहीये की ते लोक चोर आहेत किंवा तेच बेट लावतात. मी एवढंच म्हणते की अशा ठिकाणी पैसे लावणं म्हणजे पेपर फुटलाय का नाही हे माहिती नसताना परीक्षेवर पगार लावणं.

आणि हे उगाच मनचं नाही. याच देशात 2024 ला निवडणूक कधी होणार यावर लोकांनी पैसे लावले होते आणि त्यात पंतप्रधानांच्या जवळची माणसं निघाली, गॅम्बलिंग कमिशनने चौकशी केली, 2025 मध्ये पंधरा जणांवर आरोप ठेवले. निवडणुकीची तारीख ही मोजक्या लोकांना माहिती असलेली गोष्ट. चार्टचे आकडे त्याहून कितीतरी जास्त लोकांना दिसतात.

आता तुम्ही म्हणाल, ताई, आम्ही आकड्यांवर नाही, गाणं बघून लावतो, आम्हाला गाण्यातलं कळतं. कळतं, मान्य. पण चार्टचा निकाल नुसत्या गाण्यावर लागतच नाही, तो नियमांवर लागतो, आणि नियम कसे चालतात ते बघा.

पैसे भरून ऐकणाऱ्यांचे 100 स्ट्रीम म्हणजे एक विक्री, जाहिराती ऐकत फुकट ऐकणाऱ्यांचे 600 म्हणजे एक. गाणं जुनं झालं किंवा उतरायला लागलं की त्याची मोजणी निम्मी होते, म्हणजे 200 आणि 1200, त्याला एसीआर म्हणतात, 2017 पासून आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये एड शीरनच्या एकाच अल्बमची सोळा गाणी टॉप ट्वेंटीत घुसली होती, त्यावर नियम आला की एका आर्टिस्टची तीनच गाणी चार्टात. बरं, आता 2022 आठवा, केट बुशचं 'रनिंग अप दॅट हिल', 1985 चं गाणं, नेटफ्लिक्सच्या सिरीजमुळे पोराटोरांच्या तोंडी आलं. जुनं म्हणून त्याची मोजणी निम्मी चालली होती आणि त्यामुळे ते दोन नंबरवर अडकलेलं, हॅरी स्टाइल्स वर. मग चार्टवाल्यांनी ठरवलं की या गाण्याला सूट द्यायची, आणि 17 जून 2022 च्या चार्टात ते पहिलं आलं, 37 वर्षांनी. मला विचाराल तर अगदी योग्य निर्णय होता, मी त्या दिवशी खूप खूश होते. पण पैसे लावणाऱ्याच्या बाजूने बघा. निकाल कशावर फिरला? एका ऑफिसात झालेल्या एका निर्णयावर. तो निर्णय होणार आहे हे ज्याला आधी माहिती आणि ज्याला नंतर माहिती, ते दोघं एकच खेळ खेळत नव्हते.

दुसरं असंच, जून 2024. चार्ली एक्ससीएक्स या गायिकेचा 'ब्रॅट' अल्बम आला, जिकडे तिकडे त्याच्या कव्हरचा हिरवा रंग, सगळ्यांना वाटलं पहिला येणार. त्याच आठवड्यात टेलर स्विफ्टने आपल्या अल्बमच्या खास यूकेपुरत्या नव्या आवृत्त्या काढल्या, फॅन लोकांनी त्या घेतल्या, आणि टेलर एक नंबरवरच राहिली, ब्रॅट दोनवर. चार्लीचा अल्बम कमी आवडला म्हणून तसं झालं असं कोण म्हणेल? नवी आवृत्ती कुठल्या दिवशी बाजारात सोडायची हे लेबलच्या मीटिंगमध्ये ठरतं. त्या मीटिंगला तुम्ही नव्हतात, मी नव्हते.

आता भावाचं सांगते, कारण भाव बघून तुम्हाला वाटतं की हे तर सरळ गणित आहे. समजा सहा गाणी आहेत आणि भाव असे दिलेत: दीड, चार, सहा, दहा, पंधरा, वीस. म्हणजे एक पाउंड लावला आणि लागला तर तेवढे पाउंड हातात. (आकडे मी समजण्यासाठी घेतलेत.) आता कुठलंही गाणं आलं तरी तुम्हाला बरोबर 100 पाउंड मिळावेत असं सगळ्यांवर लावून बघा. पहिल्यावर 67 लावावे लागतील, दुसऱ्यावर 25, मग 17, 10, 7, 5. बेरीज करा, 130 च्या आसपास येते. म्हणजे 130 घालून 100 काढायचे. तो वरचा 30 बुकीने भावातच कापून घेतलेला असतो, गाणं कुठलंही येवो. फुटबॉलच्या मोठ्या मॅचवर हे कापणं बरंच कमी असतं, पण ख्रिसमस नंबर वन, युरोव्हिजन, असल्या हौशी बाजारात ते जास्त असतं. आणि त्या बाजारात मोठी रक्कमही घेत नाहीत, कारण समोरचा माहितगार असू शकतो ही भीती बुकीला पण असते. जो सतत जिंकतो त्याचं खातं आकसतात, पन्नास पेन्सच्या वर लावूच देत नाहीत, ही या धंद्यातली सगळ्यांना माहिती असलेली गोष्ट आहे. तुमचं खातं कुणी आकसलं नाही ना? मग त्यावरून काय ते समजा.

आमच्याकडे वरच्या खोलीत साताऱ्याकडचा एक मुलगा भाड्याने राहायचा, नाव सांगत नाही. फार गुणी पोरगा, दिवसा कॉलेज, रात्री वेअरहाउसची शिफ्ट, विसा असा की टर्म चालू असताना आठवड्याला वीसच तास काम करता येतं. एकदा डिसेंबरात स्वयंपाकघरात उभ्या उभ्या पोळीभाजी खाताना त्याने मला फोन दाखवला. एका हातात पोळीचा घास, दुसऱ्या हाताचा अंगठा स्क्रीनवर, सारखं खाली ओढून रिफ्रेश. म्हणाला, "ताई हे बघा, सकाळी चारचा भाव होता, आता सव्वादोन झालाय, म्हणजे सगळे यावरच लावतायत, पक्कं आहे." आणि माझ्यासमोर त्याने साठ पाउंड लावले. मी तेव्हा त्याला विचारलं की अरे चार असताना ज्यांनी लावलं त्यांना काय माहिती होतं आणि आता सव्वादोनला तुला कोण देतंय? भाव पडला म्हणजे आपण बरोबर आहोत असं त्याला वाटत होतं. खरं म्हणजे भाव पडला याचा अर्थ जो फायदा होता तो कुणीतरी आधीच घेऊन गेलं आणि उरलेलं तुला विकायला ठेवलंय. किंवा मग नुसती गर्दी लोटलीये, कुणालाच काही माहिती नाही, तेव्हा तर भाव खाली आणणं बुकीच्या पथ्यावरच पडतं. दोन्हीकडून नुकसान तुझंच. तर ते गाणं आलं दोन नंबरला. तेव्हाच्या किमान वेतनाने, म्हणजे बारा पाउंड एकवीस पेन्स तासाने, साठ पाउंड म्हणजे पाच तासांचं काम, थंडीत, रात्री, खोकी उचलत. आणि वाईट त्यापुढचं होतं, ते साठ भरून काढायला तो नव्या वर्षात अल्बमच्या चार्टवर लावायला लागला, मग अमेरिकेच्या, मग कशावरही. घरी फोन आला की आईला सांगायचा, जेवलो, सगळं छान आहे. मी बाजूलाच असायचे.

गाणी ऐकणं पण त्याचं बदललं हे मला जास्त लागलं. ज्या गायकावर पैसे, तेच गाणं रात्रभर आवाज बंद करून फोनवर लावून ठेवायचा, की तेवढेच स्ट्रीम वाढतील. अरे, त्याने काही होत नाही, एका माणसाचं एकच गाणं दिवसाला ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त धरत नाहीत, आणि बनावट वाटणारं ऐकणं गाळतात. पण विचार करा, आवडतं गाणं आवाज बंद करून लावायचं! जे गाणं ऐकून आपण दमलेल्या दिवशी बसमध्ये जरा सावरतो ते गाणं पैसे काढायचं मशीन झालं की मग आपल्याकडे उरलं काय?

आणि जिथे आकड्याला पैसा चिकटला तिथे आकडा वाकवणारे येतातच. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या मायकल स्मिथ नावाच्या माणसावर सप्टेंबर 2024 मध्ये खटला भरला, एआयने बनवलेली गाणी आणि बॉट लावून ती अब्जावधी वेळा वाजवली आणि एक कोटी डॉलरच्या वर रॉयल्टी काढली असा आरोप. आपल्याकडे 2019 ला बादशाहच्या गाण्याला 24 तासांत साडेसात कोटी व्ह्यूज मिळाल्याची बातमी आठवत असेल, त्यावरून जाहिरातीतून आलेले व्ह्यूज रेकॉर्डात धरायचे का असा वाद झाला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये यूट्यूबने जाहीर केलं की 24 तासांच्या रेकॉर्डासाठी जाहिरातीचे व्ह्यूज धरणार नाही. मोजण्याची पद्धत एका ब्लॉग पोस्टवर बदलते. अशा आकड्यावर फीचे पैसे लावायचे?

आता तुमच्यातले जे हुशार आहेत ते म्हणतात की आम्ही बुकीकडे जातच नाही, आम्ही प्रेडिक्शन मार्केटवर खेळतो, कलशी, पॉलीमार्केट, तिथे बुकी नसतो, लोक आपसात घेतात विकतात. बरं. तिथे स्पॉटिफाय रॅप्डवर पण बाजार लागतो, वर्षाचा सगळ्यात जास्त ऐकलेला गायक कोण. 2023 आणि 2024 ला टेलर स्विफ्ट, 2025 ला बॅड बनी. हा आकडा कुठे असतो? स्पॉटिफायच्या कंप्युटरवर. डिसेंबरच्या सुरवातीला ते जगाला सांगतात, पण ग्राफिक्स बनवणारे, भाषांतर करणारे, जाहिरातींचे बोर्ड छापणारे, या सगळ्यांच्या हातातून ते आधी जातं. तुम्ही 92 सेंटला 'यस' घेता, लागलं तर एक डॉलर मिळतो, म्हणजे आठ सेंट सुटतात, नाही लागलं तर 92 गेले. आणि बुकी नाही म्हणजे समोर कुणीच नाही असं थोडंच आहे, समोर दुसरा माणूस आहे आणि तो तुम्हाला का विकतोय हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

तुमचे भारतातले भाऊ-बहिणी पण व्हीपीएन लावून, क्रिप्टो घेऊन यात शिरतात असं तुम्हीच सांगता, म्हणून त्यांच्यासाठी पण लिहिते. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेत ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला, 22 ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंग आणि एक कोटीपर्यंत दंड, बँका आणि पेमेंट ॲपना असले व्यवहार करायला मनाई. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा ठेवलेली नाही, हे चांगलंच आहे, पण पैसे अडकले तर दाद मागायला जागाही नाही. ज्या ओपिनियन ट्रेडिंगच्या ॲपवर "या गाण्याला उद्या दुपारपर्यंत इतके व्ह्यूज होतील का, हो की नाही" असले प्रश्न यायचे ती बंद झाली म्हणून आता परदेशी साइटवर जायचं, हे आगीतून फुफाट्यात जाणं आहे.

आपल्या माणसांना ही गोष्ट नवी नाही हो. मुंबईत मटका कशावरून सुरू झाला माहितीये ना? न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचा ओपन आणि क्लोजचा भाव तारेने मुंबईत यायचा आणि त्यावर लोक आकडे लावायचे. साठच्या दशकाच्या सुरवातीला तो भाव यायचा बंद झाला, तर मडक्यातून चिठ्ठ्या काढायला लागले, मग पत्ते आले, कल्याणजी भगत, रतन खत्री ही नावं तुमच्या आजोबांना विचारा. गिरणगावातल्या किती घरांचा पगार त्यात गेला ते परळ-लालबागच्या जुन्या माणसांना अजून सांगता येतं. तेव्हाही आकडा सातासमुद्रापलीकडून यायचा, लावणाऱ्याला तो कसा बनतो ते दिसायचं नाही, आणि आकडे घेणारा खायवाल कधी उपाशी राहिला नाही. आता तुम्ही सातासमुद्रापलीकडे येऊन तेच करताय. फरक एकच, कापसावर कुणाचं प्रेम नव्हतं. तुमचं त्या गायकावर आहे, आणि आपल्या माणसावर लावताना हात सैल सुटतो हे बुकीला बरोब्बर माहिती असतं. कोरियन बॅन्डच्या चाहत्या पोरी मला म्हणतात, ताई, बेट लावली नाही तर सपोर्ट केल्यासारखं वाटत नाही. अगं, तुझ्या बेटचा एक पेनी पण त्या बॅन्डला जात नाही! त्यांच्या सीडीचे पैसे दिलेस तर चार्टात एक आकडा वाढतो, बेट लावलीस तर फक्त बुकीच्या हिशेबात वाढतो.

ख्रिसमस नंबर वनची खरी मजा कुठे आहे ते मी सांगते. 2005 ते 2008 चार वर्षं सलग 'एक्स फॅक्टर' ही टीव्हीवरची गाण्याची स्पर्धा जिंकणाऱ्याचंच गाणं पहिलं यायचं, लोक अगदी कंटाळले होते. 2009 ला जॉन आणि ट्रेसी मॉर्टर या एका साध्या नवरा-बायकोने फेसबुकवर मोहीम काढली की यंदा रेज अगेन्स्ट द मशीन या बॅन्डचं 1992 चं गाणं घेऊया, सगळ्यांनी एक एक डाउनलोड करा. ख्रिसमसचं नाव नाही, त्यात शिव्या, सीडी पण नाही, नुसतं डाउनलोड. आणि ते पाच लाखांहून जास्त खपलं, एक्स फॅक्टरच्या जो मॅकएल्डरीचं साडेचार लाख. बेघरांसाठी काम करणाऱ्या शेल्टर संस्थेला त्यातून पैसे मिळाले, बॅन्डने जून 2010 मध्ये लंडनच्या फिन्सबरी पार्कात फुकट कार्यक्रम केला. आता बघा, त्या आठवड्यात निकाल कुणी बदलला? ज्यांनी गाणं विकत घेतलं त्यांनी. ज्यांनी बेट लावली होती ते नुसते बघत बसले होते. (दोन्ही गाणी शेवटी सोनीचीच होती, त्यामुळे कंपनीचं काही बिघडलं नाही, पण ते असो.)

किंवा लॅडबेबी नावाचं यूट्यूबवरचं नवरा-बायकोचं जोडपं घ्या, 2018 ते 2022 पाच वर्षं सलग ख्रिसमस नंबर वन, बहुतेक सॉसेज रोलवरची गाणी, पैसे फूड बँकेच्या कामाला. बीटल्सची चार होती, त्यांनाही मागे टाकलं. गाण्यांबद्दल माझं मत फार चांगलं नाही, खरं सांगते, पण लोकांनी ती घेतली आणि कुणाच्या तरी घरात जेवण गेलं. किंवा व्हॅमचं 'लास्ट ख्रिसमस'. 1984 ला बॅन्ड एडच्या मदतीच्या गाण्यामुळे ते दोनवर राहिलं, त्याचा गायक जॉर्ज मायकल 2016 च्या ख्रिसमसलाच गेला, आणि ख्रिसमस नंबर वन झालं ते 2023 ला, 39 वर्षांनी, मग 2024 ला परत. तो शुक्रवार मी विसरणार नाही, ऑफिसात आम्ही चार बायका रडलो. त्या आनंदाला भाव नव्हता आणि लागायलाही नको होता.

म्हणून मंडळाच्या समित्यांना पण एक विनंती आहे, म्हणजे त्याही वाचत असतील तर. ख्रिसमसच्या गेट-टुगेदरला दोन-दोन पाउंड काढून नंबर वनची चिठ्ठी काढतात ते मी वाईट म्हणत नाही, पण त्या ग्रुपवर बेटिंगच्या लिंका आणि "फ्री बेट" चे कोड टाकणाऱ्याला ॲडमिनने थांबवलं पाहिजे. नवीन आलेलं पोरगं, बावीस-तेवीस वर्षांचं, कर्ज काढून आलेलं, त्याला इथे सगळं कायदेशीर दिसतं, हाय स्ट्रीटवर बँकेच्या शेजारी बुकीचं दुकान, आत छोटी पेनं आणि स्लिपा ठेवलेल्या, त्याला वाटतं सरकारने परवानगी दिलीये म्हणजे सुरक्षितच असणार. परवाना बुकीला आहे. तुमच्या खिशाला कुणी परवाना दिलेला नाही. चिठ्ठीतले दोन-दोन पाउंड जमतील ते फूड बँकेला द्या, रेडिओ लावा, सगळ्यांनी मिळून टॉप फॉर्टी ऐका, हरणाऱ्याला गाजर हलवा करायला लावा.

आणि ज्यांचं आधीच थोडं हाताबाहेर गेलंय त्यांच्यासाठी. गॅमस्टॉपवर नाव घाला, फुकट आहे, सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षं, इथल्या परवाना असलेल्या सगळ्या ऑनलाइन साइट तुम्हाला बंद होतात. बँकेच्या ॲपमध्ये गॅम्बलिंग ब्लॉक असतो, बऱ्याच बँकांत आहे, आज चालू करा. नॅशनल गॅम्बलिंग हेल्पलाइन 0808 8020 133, फोन फुकट, दिवसरात्र. इंग्रजीत बोलायला जड वाटत असेल तर मंडळाच्या ग्रुपवर मला पर्सनल मेसेज करा, मी तुमच्या शेजारी बसून फोन लावीन, घरी कुणाला सांगणार नाही आणि रागावणार तर मुळीच नाही.

तुमची,
ताई, रेडिंग